घरें बांधणाऱ्यांचीं रिकामीं गांवें

सर्बिया देशाच्या आग्नेय भागांत, बल्गेरियाच्या सीमेला लागून, त्सर्ना त्रावा नांवाची एक लहानशी नगरपालिका आहे. या नांवाचा अर्थ ‘काळें गवत’. सुमारें ३१२ चौरस किलोमीटरांच्या या डोंगराळ मुलखांत ब्रोद, काल्ना, प्रेस्लाप यांसारखीं २५ गांवें विखुरलेलीं आहेत. बाल्कन प्रदेशाच्या इतिहासांत हा मुलूख ओळखला जातो तो तेथील गवंड्यांमुळें.

१८७८ सालच्या बर्लिनच्या तहानें हा भाग तुर्की सत्तेखालून सर्बियाकडे आला. राज्य बदललें, तरी जमिनीचा कस बदलला नाहीं. थंडी कडक, शेतें उताराचीं. राय, बटाटे आणि मेंढरें यांवर मोठीं कुटुंबें पोसलीं जाईनात. तेव्हां पुरुषांनीं गवंडीकाम पत्करलें. बर्फ वितळलें कीं वडीलधाऱ्या मिस्त्रीच्या हाताखालीं टोळ्या बाहेर पडत. कोंवळीं पोरें चुना-विटा वाहतां वाहतां काम शिकत. हिंवाळ्याच्या तोंडाशीं सारे कमाई घेऊन परतत. परमुलखांतील या रोजगाराला तिकडे ‘पेचाल्बा’ म्हणतात. बेलग्रेड शहराच्या उभारणींत या हातांचा मोठा वांटा आहे. मागें नांगर धरणें, कापणी करणें, म्हाताऱ्यांना व मुलांना सांभाळणें हें सारें बायकांकडे असे. त्यांनीं घर धरून ठेवलें होतें, म्हणूनच पुरुषांना परतायला घर होतें.

दुसऱ्या महायुद्धांत हा भाग बल्गेरियन सैन्याच्या ताब्यांत होता आणि येथील डोंगर पार्टिझन बंडखोरांचे आश्रयस्थान बनले. त्यापायीं गांवें जाळलीं गेलीं. पुढें युगोस्लाव्हियाच्या संघीय संसदेचे अध्यक्ष झालेले मिलेंतिये पोपोविच (१९१३–१९७१) याच मातींतले.

तथापि गांवें ओस पाडलीं तीं शांततेच्या काळानें. युद्धोत्तर युगोस्लाव्हियांत शहरें व कारखाने वाढूं लागले. बांधकामाला बारमाही मजूर हवे झाले. हंगामापुरता जाणारा गवंडी आतां बायकामुलांसह शहरांतच राहिला. १९४८ सालीं येथें तेरा हजारांवर वस्ती होती. २००२ सालीं ती २,५६३, २०११ सालीं १,६६३ आणि २०२२ सालीं अवघी १,०६३ भरली. सर्बियांत याहून कमी वस्तीची नगरपालिका नाहीं.

पूर्वींही हे लोक दरसाल गांव सोडीतच असत. तरी गांव टिकलें, कारण चूल तेथेंच पेटती होती. चूलच शहराला गेली, तेव्हां परतीची वाट बंद झाली.