आनंद पटवर्धन : कात्रीशी झुंजणारे माहितीपटकार

मुंबईत १९५० मध्ये जन्मलेले आनंद पटवर्धन हे स्वतंत्र माहितीपटाच्या क्षेत्रातील अग्रगण्य नाव. झोपडपट्टीवासीयांच्या विस्थापनाचे चित्रण करणाऱ्या ‘हमारा शहर’ला (१९८५) राष्ट्रीय पुरस्कार लाभला. अयोध्या आंदोलनावरील ‘राम के नाम’ (१९९२) न्यायालयीन लढ्यानंतरच दूरदर्शनवर झळकला. अण्वस्त्रस्पर्धेवरील ‘जंग और अमन’साठी (२००२) सेन्सॉरने सुचविलेली काटछाट मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये अमान्य केली. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिस गोळीबारात १० जण बळी पडले. त्या धक्क्याने, ‘हमारा शहर’मध्ये गायलेले शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपविले. त्यातूनच १४ वर्षांच्या चित्रीकरणानंतर ‘जयभीम कॉम्रेड’ (२०११) साकारला. ‘विवेक’ला २०१८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा बहुमान मिळाला.