कलाभवन ते हिवरे बाजार

१८९० साली बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने जी संस्था उभी राहिली, तिचे नाव ‘कलाभवन’. या नावावरून आजच्या वाचकाच्या मनात चित्र-शिल्पाचे वर्ग येतील. प्रत्यक्षात तेथे कापड रंगवण्याचे रसायनशास्त्र, विणकाम, यंत्रकाम, सुतारकाम शिकवले जाई आणि त्याच छपराखाली चित्रकलाही. चौसष्ट कलांची गणना करणाऱ्या परंपरेला त्यात वावगे काही वाटले नसते. कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन झाले ते तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा म्हणून. ललितकलांसाठी त्याच विद्यापीठाने १९५० मध्ये स्वतंत्र विद्याशाखा काढली. एका घराची वाटणी झाली आणि ‘कला’ हे नाव ज्या भावाचे होते त्याच्याकडे ते राहिले नाही. आमच्या महाविद्यालयांतील ‘कला शाखा’ तर आणखी तिसरीच. तिथे ना रंग, ना हातोडा.

हा इतिहास आठवण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदव्युत्तर वर्गांत संशोधन प्रकल्पाला आणि प्रत्यक्ष कामाला श्रेयांक आले. ‘अध्यापनात कला आणि तंत्रज्ञान यांची सांगड’ हा विषय गटप्रकल्पासाठी आमच्या मराठीच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी मिळून निवडला. अशा प्रकल्पांची रीत ठरलेली असते. एकाने मजकूर लिहायचा, दुसऱ्याने चित्रे शोधायची, तिसऱ्याने ते सारे पडद्यावर चढवायचे. आम्ही याला सहकार्य म्हणत नाही, वाटणी म्हणतो. या वाटणीत साहित्याच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला चित्राखालची ओळ येते. तेव्हा ज्यात कोणाचेच काम दुसऱ्याखेरीज पुरे होत नाही, अशी उदाहरणे आपल्याकडे घडली आहेत काय, हे आधी शोधा, असे आम्ही सुचवले.

पहिले उदाहरण कलाभवनाच्याच परंपरेतले. धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बडोद्याला गेले, कलाभवनात शिकले, आणि गज्जरांनी त्यांच्यातील छायाचित्रकाराला वाव दिला. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा मागवल्यावर त्यांनी प्रथम कोणतीही पुराणकथा चित्रित केली नाही. कुंडीत वाटाणा पेरून ते रोज थोडे थोडे चित्रण करीत राहिले आणि महिन्याभराच्या वाढीचा मिनिटभराचा पट तयार झाला : ‘अंकुराची वाढ’. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी केलेला हा प्रयोग शैक्षणिक चित्रपटाचा आपल्याकडील आद्य नमुना ठरतो, ही गंमतच. डोळ्याला कधीच न दिसणारी वाढ दिसावी म्हणून यंत्र हवे. रोज कोणत्या उजेडात, किती अंतरावरून पाहायचे हे कळण्यासाठी चित्रकार हवा. फाळक्यांच्या ठायी दोघे एकत्र होते. शिवाय फिल्म धुण्यापासून तिला भोके पाडण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई करीत, म्हणजे गटही होताच. त्यांच्या वाट्याची नोंद अभ्यासक्रमांत मात्र अजून एका वाक्याच्या पलीकडे जात नाही.

दुसरे उदाहरण हिवरे बाजार. नगर तालुक्यातील या गावाचे नाव सुचवल्यावर विद्यार्थी गोंधळले. पाणलोटाच्या कामाचा कलेशी काय संबंध? गावाची कथा आता सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पर्जन्यछायेतले गाव, पाऊस सरासरीने चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर. १९७२ च्या दुष्काळानंतर उजाड झालेले डोंगर, रोजगारासाठी बाहेर पडणारी कुटुंबे, दारूच्या भट्ट्या. १९८९ मध्ये गावाने पोपटराव पवार या तरुणाकडे सरपंचपद सोपवले आणि १९९० पासून ग्रामसभा खऱ्या अर्थाने भरू लागली. प्राधान्याच्या कामांत शाळा होती. १९९४ मध्ये आदर्श गाव योजनेत समावेश झाला. डोंगरउतारांवर समतल चर खोदले गेले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही सूत्रे पाळली गेली. शेतीसाठी विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत, ऊस-केळीसारखी पिके लावायची नाहीत, असेही ठरले. पवारांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला.

आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. पाणी वाढल्यावर ते वापरायचे किती, हा प्रश्न आला. त्यासाठी पर्जन्यमापके बसली, निरीक्षण-विहिरींची पातळी मोजली जाऊ लागली, राज्याच्या भूजल यंत्रणेची मदत झाली. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, किती वाहून गेला, याचा हिशेब होतो. माणसे आणि गुरे यांचे पाणी प्रथम बाजूला काढले जाते. उरलेल्या पाण्यावर कोणती पिके निघतील हे ग्रामसभेत ठरते. या साऱ्याला गावाने नाव दिले ‘पाण्याचा ताळेबंद’.

ताळेबंद! हा जलशास्त्राच्या पुस्तकातला शब्द नव्हे. तो पेढीवरचा, वहीखात्याचा शब्द. जलशास्त्रात संतुलनाची कल्पना जुनीच आहे, पण ‘जलसंतुलन’ म्हटल्याने ग्रामसभेतला एकही शेतकरी कांद्याचे क्षेत्र कमी करणार नाही. जमा, खर्च, शिल्लक हे शब्द मात्र ज्याने कधी उधार घेतले आहे त्याला शिकवावे लागत नाहीत. पवार वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर, हा तपशील आम्हांला येथे सूचक वाटतो. मोजणे यंत्राने झाले. मोजलेले कळणे रूपकाने झाले. आमच्या मते कला आणि तंत्रज्ञान यांची सांगड पडद्यावर नव्हे, या एका शब्दात झाली आहे.

यावर आमच्यातल्याच एका सहकाऱ्याचा आक्षेप असा, की शब्दाने विहिरी भरत नाहीत, चरांनी भरतात. खरे आहे. परंतु चर एकदा खोदता येतात. कमी पावसाच्या वर्षी आपले पीक बदलण्यास शेजाऱ्याला राजी करणे दरवर्षी नव्याने करावे लागते, आणि ते बोलूनच करावे लागते. त्याच सहकाऱ्याचा दुसरा मुद्दा अधिक नाजूक होता : ताळेबंदात खातेदार दिसतात, ज्याच्या नावावर विहीर नाही, जमीन नाही, त्याची नोंद कोणत्या रकान्यात? पिण्याचे पाणी आधी राखले जाते, हे त्याचे एक उत्तर. ते पुरेसे आहे का, हा खुला प्रश्न. प्रत्येक रूपक काही दाखवते आणि काही झाकते, हे आपण कवितेच्या तासाला शिकवतोच. तीच कसोटी पाण्याच्या हिशेबाला लावणे हे भूगोलाच्या नव्हे, साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम.

पाबळचा विज्ञान आश्रम (१९८३, डॉ. श्रीनाथ कलबाग) हाताने करीत शिकण्याचा याच जातीचा प्रयोग, त्यावर स्वतंत्र लिहायला हवे. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला आणि त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. त्या कोडमागे कविता ऐकू येत असेल तर ती म्हणणाऱ्याला यतीचे भान आहे का, असे विचारणारा कोणी गटात असावा, एवढेच आमचे म्हणणे.

प्रकल्पाचा मसुदा सध्या सुरू आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी ‘भूजल पुनर्भरण’ लिहिले, मराठीच्यांनी ते खोडून ‘मुरलेले पाणी’ केले. पहिल्यांचे म्हणणे, मुरलेले सगळेच पाणी भूजलापर्यंत पोचत नाही, काही मातीतच ओल म्हणून राहते. दुसऱ्यांचे म्हणणे, मग त्या दोन्हींसाठी दोन मराठी शब्द शोधू. ‘ओल’ मिळाला आहे. दुसऱ्यासाठी तीन आठवडे वाद चालू आहे, आणि आता दोन्ही विभागांच्या वह्यांत एकच यादी वाढते आहे : झिरपा, पाझर, उमाळा, झरा.