व्यस्त फलनाचे चिन्ह आणि शालेय मांडणी

व्यस्त फलन काढण्याचा प्रश्न आला की य = २क्ष + ३ या समीकरणात क्ष व य यांची अदलाबदल करून विद्यार्थी मोकळे होतात. उत्तर बरोबर येते. मांडणी मात्र सदोष राहते. या दोषाचे स्वरूप चिन्हाच्या इतिहासातून स्पष्ट होते.

फलनाच्या अक्षरापुढे कंसात चल लिहिण्याची पद्धत ऑयलरने १७३४ मध्ये योजिली. व्यस्त फलनाच्या चिन्हाला पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. केंब्रिजमध्ये १८१२ साली बॅबेज व पीकॉक यांच्यासह अ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन करणाऱ्या जॉन हर्शेलने १८१३ च्या निबंधात कोसाइनच्या माथ्यावर उणे एक लिहिले आणि याचा अर्थ कोसाइनने एकास भागणे असा नव्हे, तर दिलेला कोसाइन असलेला वर्तुळकंस असा आहे, हे तेथेच बजावले. आजच्या वर्गातील गोंधळ त्याला तेव्हाच दिसला होता म्हणावयाचे! आपल्या आधी ब्यूरमानने हे चिन्ह योजिले होते, हेही त्याने १८२० मध्ये प्रांजळपणे नमूद केले.

हर्शेलच्या दृष्टीने घातांक ही क्रियेच्या आवृत्तीची मोजदाद होती. फलन दोनदा लावले तर दोन, उलट लावले तर उणे एक; म्हणून फ(फ⁻¹(क्ष)) = क्ष. या न्यायाने साइनच्या माथ्यावरील दोनचा अर्थ ‘साइनचा साइन’ व्हावयास हवा. रूढीने तेथे वर्ग स्वीकारला आणि उणे एकच्या बाबतीत हर्शेलला मानले. ही विसंगती आपण आजही शिकवितो.

म्हणजे उलटते ती क्रिया; अक्षरे नव्हेत. फॅ = (९/५)से + ३२ हे सूत्र घ्यावे. यातून से = (५/९)(फॅ − ३२) मिळते. येथे अक्षरे बदलली, तर निरोगी माणसाचे ३७ अंश सेल्सियस तापमान तीन अंश फॅरनहाइटहूनही कमी भरेल. भौतिकशास्त्राच्या तासाला अशी अदलाबदल कोणी करीत नाही, हे लक्षणीय आहे.

मूळ उदाहरणात आधी क्ष = (य − ३)/२ लिहावे, त्यावरून फ⁻¹(य) = (य − ३)/२ असे फलनाचे नाव घालावे. आता य हे केवळ जागा धरणारे अक्षर उरते; त्यामुळे फ⁻¹(क्ष) = (क्ष − ३)/२ लिहिण्यास हरकत नाही. याउलट, य = २क्ष + ३ च्या खालीच ‘म्हणून क्ष = २य + ३’ लिहिणाऱ्यास, अंतिम उत्तर जुळले तरी, पूर्ण गुण देऊ नयेत असे प्रस्तुत लेखकास वाटते.