सुंभ, वाळू आणि गॅसबत्ती

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आज वयाची साठी ओलांडलेल्या मंडळींना गॅसबत्ती आठवत असेल. गावात वीज यायच्या आधी लग्नाची वरात असो, भजनाचा सप्ताह असो की तमाशाचा फड, गॅसबत्तीशिवाय पान हलत नसे. संध्याकाळ झाली की घरातला एखादा जाणता माणूस ओसरीवर बत्ती घेऊन बसायचा. टाकीत रॉकेल भरायचा, वाटीत स्पिरिट ओतून ते पेटवायचा, मग पंप मारायचा. आम्ही मुलं भोवती कोंडाळं करून बसायचो. सूं सूं आवाज सुरू व्हायचा आणि लोंबणारी ती लहानशी जाळी एकदम पांढरीशुभ्र पेटायची. सगळं अंगण उजळायचं. त्या जाळीला इंग्रजीत मँटल म्हणतात. आमच्याकडे सगळे ‘मेंटल’ म्हणत. नवी जाळी एकदा जळली की तिला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद असे. कारण बोट लागलं की तिची राख व्हायची आणि नव्या जाळीचे पैसे मोजावे लागायचे.

या जाळीचा आणि अणुशक्तीचा काही संबंध असेल, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण तो आहे, आणि फार जवळचा आहे. वरातीत बत्ती डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईच्या डोक्यावर, तिच्या नकळत, एक किरणोत्सारी मूलद्रव्य असायचं. त्याचं नाव थोरियम. आज मी त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

थोरियमचा शोध स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी लावला. नॉर्वेतल्या एका बेटावर सापडलेलं काळं खनिज त्यांच्याकडे तपासायला आलं होतं. त्यात त्यांना १८२८च्या सुमारास हे नवं मूलद्रव्य मिळालं. उत्तरेकडच्या जुन्या पुराणकथांमध्ये थोर नावाचा मेघगर्जनेचा देव आहे. त्याचं नाव त्यांनी या धातूला दिलं. नाव एवढं दणदणीत, पण पुढची साठ वर्षं या धातूचा कुणाला काडीचाही उपयोग नव्हता.

उपयोग शोधला ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी. त्या काळी युरोपातल्या शहरांत रस्त्यांवर आणि घरांत गॅसचे दिवे होते. गॅसची ज्योत उष्णता भरपूर द्यायची, पण प्रकाश बेताचाच. वेल्सबाखनी सुती जाळी निरनिराळ्या क्षारांच्या द्रावणात बुडवून ज्योतीवर धरून पाहिली. सूत जळून जायचं, पण क्षाराचा ऑक्साइड त्याच विणीच्या आकारात शिल्लक राहायचा आणि तापून प्रकाश द्यायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते इथे शब्दशः खरं होतं. १८८५मध्ये त्यांनी पहिलं पेटंट घेतलं. पण खरं यश आलं ते १८९१मध्ये, ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण जमल्यावर. थोरियम ऑक्साइड ३००० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे ज्योतीत तो टिकून राहतो. एडिसनचा विजेचा दिवा तोवर आला होता. तरीही या जाळीच्या जोरावर गॅसचा दिवा पुढे कित्येक वर्षं त्याच्याशी टक्कर देत राहिला.

जाळ्या लाखांनी खपू लागल्या, तसा प्रश्न आला की एवढं थोरियम आणायचं कुठून? ते मिळायचं मोनाझाइट नावाच्या पिवळसर तपकिरी वाळूतून. ही वाळू आधी अमेरिकेतल्या कॅरोलिना प्रांतांतून आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावरून यायची. आणि इथे आपला देश या गोष्टीत शिरतो, तोही काथ्याच्या निमित्तानं.

त्रावणकोर संस्थानातून, म्हणजे आजच्या केरळच्या दक्षिण भागातून आणि कन्याकुमारी जिल्ह्यातून, नारळाचा काथ्या युरोपला जात असे. १९०९मध्ये शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्या काथ्याला चिकटून आलेल्या वाळूत मोनाझाइटचे कण दिसले. इतरांनी झटकून टाकलेली ती वाळू होती. त्यानं तिचा माग काढत मनवलकुरिची गाठलं आणि तिथे वाळू वेगळी करण्याचा कारखाना सुरू केला. पुढे क्विलॉनजवळच्या चवरा इथेही काम सुरू झालं. आपल्याकडच्या मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइडचं प्रमाण ८ ते १० टक्के, म्हणजे ब्राझीलच्या वाळूपेक्षा जास्त. त्यामुळे जगातल्या मँटलच्या धंद्याची नजर त्रावणकोरवर खिळली. १९१४मध्ये महायुद्ध पेटलं, जर्मन माणूस शत्रू ठरला आणि हा व्यवसाय ब्रिटिशांच्या हाती गेला. किनाऱ्यावर वाळू गोळा करणाऱ्या मजुराला मात्र धनी बदलला एवढंच कळलं असेल.

दरम्यान प्रयोगशाळांत निराळंच नाट्य रंगलं होतं. १८९८मध्ये जर्मनीत श्मिट यांना आणि पॅरिसमध्ये मेरी क्यूरी यांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, थोरियम किरणोत्सारी असल्याचं आढळलं. मग कॅनडातल्या माँट्रियलमध्ये अर्नेस्ट रदरफर्ड आणि फ्रेडरिक सॉडी यांनी थोरियम हाती घेतलं. त्यांनी थोरियमच्या क्षारातून रासायनिक क्रियेनं एक अंश वेगळा काढला. गंमत अशी, की बहुतेक सगळी किरणोत्सारिता त्या चिमूटभर अंशात गेली आणि मूळ थोरियम जवळपास निस्तेज झालं. त्या अंशाला त्यांनी थोरियम एक्स म्हटलं. पण काही दिवसांनी पाहतात तो काय, थोरियम एक्सचा जोर ओसरलेला आणि निस्तेज झालेलं थोरियम पुन्हा पूर्ववत! एक जितक्या वेगानं मंदावत होतं, तितक्याच वेगानं दुसरं सावरत होतं. याचा एकच अर्थ निघत होता. थोरियम सतत नवं मूलद्रव्य तयार करत होतं. अणू कधी बदलत नाही, ही शंभर वर्षांची समजूत १९०२मध्ये मोडीत निघाली. किमयागारांची थट्टा करणाऱ्या विज्ञानाला मान्य करावं लागलं, की निसर्ग ही किमया रोजच करतो.

किरण-रसायनशास्त्र, म्हणजे रेडिओकेमिस्ट्री, उभी राहिली ती अशा प्रयोगांतून. तिचं काम डोळ्यांना न दिसणाऱ्या, वजनात न भरणाऱ्या द्रव्याचा त्याच्या किरणांवरून माग काढायचा. याच कामात पुढे ऑटो हान तयार झाले. १९०५मध्ये लंडनमध्ये त्यांना रेडिओथोरियम सापडलं आणि नंतर बर्लिनमध्ये मेसोथोरियम. मँटलच्या कारखान्यांत थोरियम काढून घेतल्यावर जो गाळ उरायचा, त्यातून मेसोथोरियम मिळायचं. महागड्या रेडियमऐवजी ते स्वस्तात वापरता येई.

स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजतंच. अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्यांवर जो रंग लावत, त्यात रेडियमबरोबर मेसोथोरियमही वापरलं गेलं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कारखान्यात तरुण मुली हे काम करायच्या. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायची त्यांना सवय लावली होती. १९२०च्या दशकात त्यांचे जबडे सडू लागले, हाडं ठिसूळ झाली, कित्येक जणी दगावल्या. पाच जणींनी कोर्टात लढा दिला आणि १९२८मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. किरणोत्साराशी काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेचे जे नियम आज आहेत, त्यांच्या पायाशी या मुलींची हाडं आहेत, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

१९४५मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले आणि त्रावणकोरच्या वाळूचा भाव एका रात्रीत बदलला. थोरियमपासून अणुइंधन बनवता येतं, हे तोवर कळलं होतं. ज्या वाळूतून दिव्याच्या जाळ्या बनायच्या, तिच्यावर आता मोठ्या सत्तांचा डोळा होता. १९४७मध्ये त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी स्वतंत्र राहण्याची घोषणा केली, तेव्हा त्यांच्या हिशेबात ही वाळूही होती. जुलै संपता संपता संस्थान भारतात सामील व्हायला तयार झालं आणि वाळू देशाची झाली.

तिची परीक्षा लवकरच झाली. १९५१मध्ये देशात अन्नाची टंचाई होती आणि आपण अमेरिकेकडे २० लाख टन गहू मागितला होता. तिथल्या काही लोकप्रतिनिधींचं म्हणणं पडलं की बदल्यात भारतानं मोनाझाइट द्यावं. पोटात भूक असताना असा सौदा नाकारणं सोपं नव्हतं. पंडित नेहरूंनी रेडिओवरूनच देशाला सांगितलं, की कितीही गरज असली तरी स्वाभिमान गहाण टाकून काही घेणार नाही. अखेर कर्जाच्या रूपानं गहू मिळाला, कच्चं मोनाझाइट गेलं नाही. दोन वर्षांनी, १९५३मध्ये, भारतातून जेमतेम एक टन थोरियम नायट्रेट एका पोलिश जहाजातून चीनला निघालं, तेव्हा अमेरिकेत पुन्हा खळबळ उडाली. मदत बंद करण्यापर्यंत गोष्ट गेली, मग तडजोड झाली. लक्षात घ्या, थोरियम नायट्रेट म्हणजे गॅसबत्तीच्या जाळ्या ज्यात बुडवतात, तोच क्षार!

या सगळ्यातून एक गोष्ट आपल्या धुरीणांना कळली होती. वाळू विकून भागणार नाही, ती शुद्ध करण्याची विद्या आपल्याकडे हवी. म्हणून १९५०मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी निघाली आणि केरळात आलुवा इथे मोनाझाइट शुद्ध करण्याचा कारखाना उभा राहिला. त्या कामाची धुरा मुंबईच्या होमी सेठना या तरुण अभियंत्याकडे होती. १९५५मध्ये मुंबईत ट्रॉम्बे इथे थोरियमचा कारखाना सुरू झाला. अप्सरा ही अणुभट्टी पुढच्या वर्षीची. म्हणजे ट्रॉम्बेत अणुभट्टी पेटण्याआधी थोरियम नायट्रेट तयार होत होतं आणि ते जात होतं मँटलच्या कारखानदारांकडे. आमच्या अंगणातली बत्ती आणि डॉ. होमी भाभांचं स्वप्न ही अशी एका क्षारानं जोडलेली होती.

भाभांचं स्वप्न काय होतं? आपल्याकडे युरेनियम थोडं, थोरियम मात्र मुबलक. पण थोरियम हे ओल्या लाकडासारखं आहे. नुसती काडी लावून ते पेटत नाही. आधी सुक्या काटक्या पेटवायच्या, त्यांच्या धगीवर ओलं लाकूड वाळवायचं आणि मग ते जाळायचं. युरेनियम आणि त्यातून मिळणारं प्लुटोनियम या सुक्या काटक्या. त्यांच्या भट्टीत थोरियमच्या अणूनं एक न्यूट्रॉन गिळला, की आधी त्याचं प्रोटॅक्टिनियम होतं आणि मग काही आठवड्यांत युरेनियम-२३३. ते मात्र उत्तम पेटतं. हाच भाभांनी १९५४मध्ये मांडलेला तीन टप्प्यांचा कार्यक्रम.

कागदावर हे सोपं दिसतं. अडचण पुन्हा किरण-रसायनशास्त्राच्या दारात येते. युरेनियम-२३३ बरोबर थोडं युरेनियम-२३२ही तयार होतं. त्याचं विघटन होऊन काय बनतं? हान यांचं रेडिओथोरियम आणि त्यातून रदरफर्ड-सॉडींचं थोरियम एक्स. शंभर वर्षांपूर्वीची तीच मंडळी! त्यांच्या पुढच्या पिढीतून इतके भेदक गॅमा किरण निघतात, की हे इंधन जाड भिंतींआडून, यंत्राच्या हातांनीच हाताळावं लागतं. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी ही विद्या कष्टानं मिळवली. तिथे वेगळं काढलेलं युरेनियम-२३३ वापरून १९९६मध्ये कल्पाक्कमला ‘कामिनी’ ही अणुभट्टी सुरू झाली. तिची क्षमता ३० किलोवॉट, म्हणजे जेमतेम ४० अश्वशक्ती. डॉ. अनिल काकोडकरांनी ज्या प्रगत जड पाण्याच्या अणुभट्टीचा आग्रहानं पाठपुरावा केला, तिची रचना तयार आहे, पण ती उभी राहिलेली नाही. दुसऱ्या टप्प्यातल्या कल्पाक्कमच्या मोठ्या भट्टीचं बांधकाम २००४मध्ये सुरू झालं आणि तिचा गाभा भरायला सुरुवात व्हायला मार्च २०२४ उजाडला.

म्हणून ‘थोरियममुळे आता शेकडो वर्षांची वीज फुकट’ असं कुणी सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि ‘सत्तर वर्षांत काय केलं’ असं कुणी हिणवलं, तर त्याच्याही मागे जाऊ नका. आपल्या किनाऱ्यावर १ कोटी टनांहून अधिक मोनाझाइट आहे. पण ठेवा असणं वेगळं आणि तो वापरता येणं वेगळं. मधलं अंतर माणसांनी, चुका करत आणि शिकत, कापायचं असतं.

त्या वाळूवर राहणाऱ्या माणसांचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो यायलाच हवा. केरळात करुनागपल्ली भागात लोक पिढ्यानपिढ्या या किरणोत्सारी वाळूवर राहतात. तिरुवनंतपुरमच्या कॅन्सर केंद्रानं तिथल्या सुमारे ७० हजार लोकांचा सरासरी दहा वर्षं मागोवा घेतला. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिथल्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे कॅन्सर वाढल्याचं आढळलं नाही. हा दिलासा आहे. पण तो मिळाला तो घरोघरी जाऊन मोजमाप केल्यामुळे. न्यू जर्सीच्या मुलींच्या वेळी असं कुणी मोजलं नव्हतं. आधी मोजायचं आणि मग बोलायचं, हा धडा शिकायला त्यांचे जीव जावे लागले.

गॅसबत्त्या आता अडगळीत गेल्या. मँटलच्या अनेक उत्पादकांनीही थोरियम सोडून इट्रियम धरलं. माळ्यावर एखादी जुनी बत्ती असेल, तर घाबरायचं कारण नाही, फक्त जुन्या जाळीची राख फुंकरीनं उडवू नका. आणि नातवंडांना ती दाखवाल, तेव्हा एवढं जरूर सांगा, की काथ्याला चिकटलेली वाळू बहुतेकांनी झटकून टाकली होती आणि एकानं ती निरखून पाहिली होती.