पूलमध्ये जपलेले ऑब्जेक्ट

१९९६ साली जावा १.० आली, तेव्हा ऑब्जेक्ट नव्याने बनवणं आणि नको झालेले गोळा करणं, दोन्ही महाग होतं. म्हणून लोक वापरून झालेले ऑब्जेक्ट पूलमध्ये जपून पुन्हा वापरत. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं.

बहुतेक ऑब्जेक्ट अल्पायुषी असतात, म्हणून नव्यांचा कप्पा वेगळा ठेवून तोच वरचेवर झाडावा, ही युक्ती डेव्हिड अंगर यांनी १९८४ मध्येच मांडली होती. १९९९ च्या हॉटस्पॉटमध्ये ती आली आणि हिशोबच उलटला. नवा ऑब्जेक्ट स्वस्त झाला, झाडलोटीचा खर्च जिवंत उरलेल्यांपुरताच राहिला. पूलमधले मात्र मरतच नाहीत, त्यांचं ओझं वाहावं लागतं. शिवाय एखाद्यातली जुनी माहिती पुसायची राहिली, तर एका ग्राहकाचा तपशील दुसऱ्याला दिसू शकतो!

तरीही २००४ च्या जावा ५ ने -१२८ ते १२७ हे इंटिजर साठवलेच. ते मोजके आहेत, सतत लागतात आणि बदलत नाहीत. डेटाबेसचं कनेक्शन नव्याने जोडायला वेळ लागतो, म्हणून त्याचा पूल आजही हवा.

ऑफिसात नवी मुलं जुन्या पूलकडे बोट दाखवून "हे कशाला?" विचारतात. "पूर्वीपासून आहे" हे काही उत्तर नव्हे. आधी मोजावं, मग ठेवावं किंवा काढावं.

तुमच्याकडे आहेत का असे पूल?