दंडावरील वण

‘देवी’ या शब्दास मराठीत दोन क्रियापदे जोडली जात. देवी ‘येणे’ म्हणजे तो भीषण रोग होणे, आणि देवी ‘काढणे’ म्हणजे त्याची लस टोचून घेणे. रोगास देवतेचे नाव देऊन तिची शांती करणारा आपला समाज एक गोष्ट पक्की जाणून होता, ती ही की, जो एकदा या दुखण्यातून उठला त्यास ते सहसा पुन्हा गाठीत नाही. शरीर शत्रूस कसे ओळखते, या शास्त्राचे मूळ याच अनुभवात आहे.

१७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्याने एका गवळणीच्या हातावरील गोस्तनदेवीच्या फोडातील लस आठ वर्षांच्या एका मुलास टोचली व पुढे त्यास खऱ्या देवीचे विष टोचले. मुलगा सुखरूप राहिला. (असा प्रयोग करण्यास आज कोणी धजणार नाही.) ही लस हिंदुस्थानात आणणे मात्र दुर्घट होते, कारण लांबच्या प्रवासात उष्म्याने ती निकामी होई. अखेर व्हिएन्ना, कॉन्स्टॅन्टिनोपल, बगदाद, बसरा अशा मार्गाने, वाटेत माणसांस टोचून ताजी ठेवीत, ती मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नामक तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली, आणि फोड धरला. त्या फोडातील लस आणखी पाच मुलांस, आणि मग दंडावरून दंडावर पुणे, सुरत, हैदराबाद व मद्रासपर्यंत गेली. एवढ्या विशाल देशाची आशा काही दिवस एका अजाण पोरीच्या दंडावर होती! त्या मुलांस कोणी काही विचारले असेल, असे वाटत नाही.

फोड धरला की मुलाच्या काखेत अवधाण येई. आया त्याने घाबरत. परंतु खरे कार्य तेथेच चाले. दंडातील पहारेकरी पेशी विषाणूचे तुकडे काखेतील गाठीत नेऊन तेथील लसीकापेशींस दाखवीत.

आता पूर्वी कधीही न पाहिलेल्या शत्रूची ओळख या पेशींस पटते कशी? बेरिंग व किटासाटो यांनी १८९० मध्ये रक्तात विषाचा उतारा निर्माण होतो हे दाखविले, तरी हे कोडे उरलेच. ते उलगडणारा सिद्धांत १९५७ मध्ये फ्रँक बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने मांडला. कुलूप पाहून किल्ली घडविली जात नाही. असंख्य किल्ल्यांचा जुडगा शरीराजवळ आधीच असतो. प्रत्येक लसीकापेशी एकाच आकाराची खूण ओळखू शकते. जिची खूण जुळते तीच झपाट्याने वाढते, तिच्या संततीपैकी काही प्रतिपिंडे निर्माण करतात, आणि काही स्मृती घेऊन मागे राहतात. या सैन्याच्या जमवाजमवीस दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधीत देवीचा रोगी दगावू शकत असे. गोस्तनदेवीच्या विषाणूचे बाह्य रूप देवीच्या विषाणूशी इतके मिळतेजुळते असते की, सौम्य आप्ताशी झालेली ओळख क्रूर आप्ताविरुद्धही उपयोगी पडते.

भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ मध्ये आढळला, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगाचे उच्चाटन झाल्याचे घोषित केले. तो वण आज केवळ वडीलधाऱ्यांच्याच दंडावर दिसतो. आणि लस घेतल्यावर अनेक दशकांनी तपासलेल्या माणसांच्या रक्तातही त्या शत्रूस ओळखणाऱ्या पेशी सापडल्या आहेत.