ब्लूज ब्रदर्स : टीव्हीवरच्या सोंगातून जन्मलेला बँड आणि व्हिडिओत उरलेला त्याचा हिशेब

काळा सूट, काळी टाय, काळी हॅट आणि रात्रीसुद्धा डोळ्यांवर काळा गॉगल. जेक आणि एलवुड ही नावं ठाऊक नसली तरी ही जोडी बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या पोस्टरवर पाहिलेली असते. अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाईट लाइव्ह' या टीव्ही कार्यक्रमातले दोन विनोदी नट, जॉन बेलूशी आणि डॅन अॅक्रॉइड, यांनी काढलेलं हे सोंग. पुढे त्याचा खरा बँड झाला, त्या बँडची रेकॉर्ड देशात पहिल्या नंबरवर गेली आणि १९८० साली त्यावर सिनेमाही आला. १९९० च्या दशकात अॅक्रॉइडनेच निवेदन केलेली 'द बेस्ट ऑफ द ब्लूज ब्रदर्स' ही व्हिडिओ कॅसेट निघाली. या बँडची टीव्हीपासूनची वाटचाल घरबसल्या पाहता यावी, हा तिचा हेतू. बेलूशी तेव्हा हयात नव्हता. ५ मार्च १९८२ रोजी लॉस एंजेलिसमधल्या एका हॉटेलात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने तो गेला, वय अवघं ३३. म्हणजे त्याचं रंगमंचावरचं काम पाहायचं तर फीत हाच मार्ग.

सुरुवात अगदीच पोरकट होती. जानेवारी १९७६ मध्ये याच कार्यक्रमात दोघांनी मधमाशीचे कपडे घालून ब्लूज गायकाचं एक जुनं गाणं सादर केलं. बेलूशी गायला, अॅक्रॉइडने हार्मोनिका वाजवली. कॅनडातून आलेला अॅक्रॉइड ब्लूजचा आधीपासूनचा भक्त. बेलूशीचा ओढा रॉककडे. त्याला ब्लूजची खरी गोडी लागली ती १९७७ साली ओरेगॉन राज्यात एका सिनेमाच्या शूटिंगसाठी गेल्यावर. तिथे कर्टिस साल्गाडो नावाचा स्थानिक गायक त्याला भेटला. पुढे बँडची पहिली रेकॉर्ड साल्गाडोलाच अर्पण झाली, आणि सिनेमात कॅब कॅलोवेने केलेल्या पात्राचं नावही कर्टिसच आहे. बँडचं नाव सुचवलं ते कार्यक्रमाचा संगीत दिग्दर्शक हॉवर्ड शोर याने.

२२ एप्रिल १९७८ रोजी ही जोडी मधमाशीचे पंख टाकून सूट-हॅटमध्ये टीव्हीवर आली. अॅक्रॉइडच्या मनगटाला बेडीने अडकवलेली ब्रीफकेस, आणि आत हार्मोनिका! बेलूशी जाडजूड माणूस, पण स्टेजवर कोलांट्या मारायचा. प्रेक्षक हसले. मात्र मागे वाजवणारी माणसं हसण्यावारी न्यायची नव्हती.

मागे उभे कोण होते?

इथे थोडं थांबायला हवं, कारण जुनं चित्रण पाहण्याचं खरं कारण हेच आहे. गिटारवर स्टीव्ह क्रॉपर आणि बेसवर डोनाल्ड 'डक' डन. हे दोघे मेम्फिस शहरातल्या स्टॅक्स कंपनीचे घरचे वादक. १९६० च्या दशकातली सोल संगीताची कितीतरी गाणी त्यांच्या हातून गेलेली. दुसरा गिटारवादक मॅट मर्फी, हाउलिन वुल्फ आणि मेम्फिस स्लिम यांच्यासोबत वाजवून आलेला. लू मरीनी, अॅलन रुबिन आणि टॉम मलोन ही वाऱ्याची वाद्यं वाजवणारी मंडळी टीव्ही कार्यक्रमाच्याच बँडमधली.

९ सप्टेंबर १९७८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये विनोदवीर स्टीव्ह मार्टिनच्या कार्यक्रमाआधी हा बँड वाजला. तीच रेकॉर्ड 'ब्रीफकेस फुल ऑफ ब्लूज' म्हणून बाजारात आली आणि १९७९ च्या सुरुवातीला पहिल्या नंबरवर पोचली. तिच्यातलं गाजलेलं गाणं 'सोल मॅन'. मूळ १९६७ चं, सॅम अँड डेव्ह या कृष्णवर्णीय जोडीने गायलेलं. त्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये गायक मध्येच गिटारवाल्याला नावाने हाक मारतो. तो गिटारवाला म्हणजे हाच क्रॉपर. अकरा वर्षांनी बेलूशी तशीच हाक मारतो आणि उत्तर देतो तोच माणूस. ऐकताना ही नक्कल वाटते. व्हिडिओत क्रॉपरचे हात दिसतात, तेव्हा नक्कल कुठे संपते आणि अस्सल कुठे सुरू होतं, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

हिशेबाची बाजू

गोऱ्या विनोदी नटांनी काळ्यांचं संगीत गाऊन पैसा केला, ही टीका तेव्हापासूनची आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. आम्ही कॉमर्सवाले, त्यामुळे आधी खातेवही उघडून पाहू. दुसऱ्याचं गाणं नव्याने रेकॉर्ड केलं की रॉयल्टी जाते गीतकार-संगीतकाराच्या खात्यात. मूळ गायकाला त्यातून छदामही मिळत नाही. म्हणजे नव्या 'सोल मॅन'च्या कमाईत सॅम अँड डेव्हचा वाटा शून्य. वर तरुण पोरं हे गाणं ब्लूज ब्रदर्सचंच समजू लागली, याचं शल्य सॅम मूर यांनी पुढे बोलून दाखवलं. गाणं लिहिणाऱ्या दोघांपैकी आयझॅक हेज तर त्याच सुमारास दिवाळखोरीत निघाले होते आणि त्यात भविष्यातल्या रॉयल्टीचे हक्कही गमावून बसले होते. गाणं पुन्हा गाजलं, पण त्यांच्या हाती काय लागलं?

वहीची दुसरी बाजू मात्र सिनेमात आहे. दिग्दर्शक जॉन लँडिस आणि अॅक्रॉइड यांनी अरीथा फ्रँकलिन, जेम्स ब्राउन, रे चार्ल्स, कॅब कॅलोवे आणि जॉन ली हूकर यांना पडद्यावर आणलं. तेव्हा डिस्कोचा जमाना होता, यातल्या बहुतेकांचा बाजार उतरलेला. स्टुडिओला नव्या दमाची नावं हवी होती, पण लँडिस अडून बसले. लॉस एंजेलिसच्या गोऱ्या वस्तीतल्या एका थिएटरमालकाने काळे प्रेक्षक येतील म्हणून सिनेमा लावायला नकार दिला, असं लँडिस नंतर सांगत आले. अरीथाचा हॉटेलातला प्रसंग ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या चार-पाच मिनिटांत जेक-एलवुड चक्क बाजूला पडतात. आमच्या मते हेच सिनेमाचं सर्वांत मोठं यश. गाड्यांच्या ढिगाऱ्याचं कौतुक फार झालं.

तरीही एक नोंद राहतेच. हूकर सिनेमात गातो, पण सिनेमाच्या गाण्यांची जी रेकॉर्ड निघाली तीत त्याचं गाणं घेतलंच नाही. दुकानातून रेकॉर्ड आणणाऱ्याला हूकर भेटलाच नाही. तो भेटतो फक्त पडद्यावर, शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवरच्या भरबाजारात, तिथेच उभं राहून प्रत्यक्ष गाताना. तो बाजारही १९९४ साली विद्यापीठाच्या विस्तारासाठी हलवला गेला.

आपल्या भागाशी या मंडळींचा एक धागा अनपेक्षित ठिकाणी जुळतो. १९९२ मध्ये अॅक्रॉइडसोबत 'हाउस ऑफ ब्लूज' ही संगीतगृहांची साखळी उभी करणारे आयझॅक टिग्रेट हे सत्य साईबाबांचे भक्त. हार्ड रॉक कॅफेतला हिस्सा विकून आलेल्या पैशातून त्यांनी पुट्टपर्तीच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलला मोठी देणगी दिली होती.

आज पाहायला घ्यायचं तर टीव्ही आणि स्टेजवरची जुनी चित्रणं आधी पाहावीत, सिनेमा नंतर. सिनेमाच्या दोन आवृत्त्या आहेत. थिएटरमध्ये लागलेली १३३ मिनिटांची, आणि १९९८ साली डीव्हीडीवर आलेली १४८ मिनिटांची. कापलेले तुकडे स्टुडिओने फेकून दिले होते. प्रदर्शनाआधी चाचणीसाठी दाखवलेली एक प्रिंट सापडली म्हणून ही लांब आवृत्ती निघू शकली. मिळाली तर तीच घ्यावी. तीत हूकरचं गाणं जास्त वेळ चालतं, आणि ते संपल्यावर 'हे गाणं लिहिलं कोणी' यावरून त्याच रस्त्यावर जोरदार भांडण जुंपतं.